सरकारी कार्यालयातील स्त्री-पुरुष, सहकाऱ्यांची साथ आणि कामाशी बांधिलकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य शासनाच्या व जिल्हा परिषदांच्या सेवेतील कर्मचारी, कार्यालयप्रमुख आणि आस्थापना शाखेत काम करणारे यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील महसूल, पोलीस, शिक्षण आणि महिला व बालविकास या विभागांतील आहेत.

बांधिलकी म्हणजे नेमके काय? जो कर्मचारी वेळेवर येतो आणि नोकरी सोडत नाही, तो बांधिलकी असलेलाच म्हणायचा ना?

तसे म्हणता येत नाही, आणि सरकारी नोकरीत तर मुळीच नाही. नॅटली ॲलन आणि जॉन मेयर या संशोधकांनी १९९० च्या सुमारास बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले आणि आजही बहुतेक अभ्यास त्यांच्याच आधाराने होतात. पहिला प्रकार मनाच्या ओढीचा : हे कार्यालय माझे आहे, येथील काम चांगले व्हावे असे मनापासून वाटणे. दुसरा हिशेबाचा : नोकरी सोडली तर निवृत्तिवेतन, ज्येष्ठता, वैद्यकीय प्रतिपूर्ती हे सारे जाईल म्हणून टिकून राहणे. तिसरा कर्तव्यभावनेचा : ज्या संस्थेने मला उभे केले तिला अर्ध्यावर सोडणे बरे नव्हे, ही जाणीव.

आपल्याकडे दुसरा प्रकार इतका बळकट आहे की तो पहिल्याची उणीव झाकून टाकतो. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नव्हती आणि ती मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी संपावर गेले. ही मागणी न्याय्य की अन्याय्य हा येथे मुद्दा नाही; नोकरीतील सुरक्षिततेचे मोल कर्मचाऱ्याच्या मनात किती मोठे आहे, हे त्यातून दिसते. म्हणूनच ‘आमच्याकडून कोणी राजीनामा देत नाही’ हे एखाद्या कार्यालयाचे प्रशस्तिपत्र मानू नये. माणूस खुर्चीवर तीस वर्षे बसतो आणि मनाने पाचव्याच वर्षी उठून गेलेला असतो, असे प्रत्येक कार्यालयात दोन-चार तरी असतात.

स्त्रियांची कामाशी बांधिलकी पुरुषांपेक्षा कमी असते का?

नाही. जॉन मॅथ्यू आणि डेनिस झॅजॅक यांनी १९९० मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा लिंग आणि बांधिलकी यांचा संबंध नगण्य निघाला. १९९३ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका एकत्रित अभ्यासाचा निष्कर्षही तोच होता. माणसाचे काम कसे आहे, वरिष्ठ कसा वागतो, आपल्या शब्दाला किंमत आहे का, या गोष्टी बांधिलकी ठरवतात. त्यांच्यापुढे लिंगाचा प्रभाव जवळजवळ उरत नाही.

समज मात्र जुना आहे आणि एके काळी तो शासनाच्या नियमांतच लिहिलेला होता. भारतीय परराष्ट्र सेवेतील स्त्रीने लग्नापूर्वी शासनाची लेखी परवानगी घ्यावी, आणि लग्नानंतर घरसंसारामुळे तिच्या कर्तव्यात अडथळा येतो असे शासनाला वाटल्यास तिला राजीनामा द्यायला सांगता यावे, असा तो नियम होता. सी. बी. मुथम्मा या त्या सेवेतील पहिल्या महिला अधिकारी. पदोन्नती नाकारली गेल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमावर कडक ताशेरे ओढले. घरची जबाबदारी कामाच्या आड येत असेल तर पुरुष अधिकाऱ्याच्या बाबतीतही तसे होऊ शकते, हा न्यायालयाचा साधा प्रश्न होता. नियम गेला. पण ‘मॅडमचे लक्ष घड्याळाकडे असते’ हे वाक्य ऐकले की तो नियम बोलण्यात अजून जिवंत आहे असे वाटते.

मग आमच्या कार्यालयात महिला कर्मचारी साडेसहाला निघतात आणि पुरुष आठपर्यंत बसतात, त्याचे काय?

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला, तेव्हापासून शासकीय कार्यालयांची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरलेली आहे. साडेसहाला निघणारी व्यक्ती नियमाने अपेक्षित असलेला पूर्ण वेळ देऊन निघालेली असते. आठपर्यंत बसणाऱ्यांपैकी कितीजण त्या वेळात टपाल निकाली काढतात आणि कितीजण साहेब उठण्याची वाट पाहतात, हे प्रत्येकाने आपल्या कार्यालयापुरते प्रामाणिकपणे तपासावे.

खरा तोटा निराळा असतो. उद्याच्या बैठकीत कोणता मुद्दा येणार, कोणती नस्ती (फाइल) वरून मागवली आहे, कोणाची बदली होणार, आयुक्त कार्यालयाने कोणत्या नमुन्यात माहिती मागितली आहे, हे सगळे त्या दीड तासात चहाच्या टपरीवर बोलले जाते. सकाळी पावणेदहाला आलेल्या महिला कर्मचाऱ्यापर्यंत ते पोहोचत नाही. दुपारी बैठकीत तिला विचारले जाते, तिला ठाऊक नसते, आणि ‘मॅडमना विषयाची माहिती नाही’ असा शेरा उरतो. त्या दिवशी तिची मेहनत कमी पडलेली नसते, तिच्यापर्यंत निरोप आलेला नसतो.

सहकाऱ्यांची साथ म्हणजे काय? सगळ्यांशी गोड बोलणे?

गोड बोलणे हा तिचा एक छोटा भाग आहे. जेम्स हाऊस या समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये साथीचे चार प्रकार मांडले होते : मनाला धीर देणे, प्रत्यक्ष कामात हात लावणे, माहिती देणे, आणि ‘तुझे हे बरोबर आहे, ते चुकते आहे’ असे प्रांजळपणे सांगणे. सरकारी कार्यालयात यांतील तिसरा आणि चौथा प्रकार सर्वांत मोलाचा असतो, असे माझे ठाम मत आहे.

नव्याने रुजू झालेल्या महसूल सहायकाचा पहिला महिना डोळ्यांपुढे आणावा. टेबलावर आधीच्या माणसाने ठेवलेल्या नस्त्यांचा ढीग असतो. प्रलंबित प्रकरणांची यादी दिलेली असते, पण त्यांतली कोणती लोकायुक्तांकडे गेली आहे, कोणत्या अर्जदाराचे माहिती अधिकारातील अपील लागले आहे, कोणत्या टिपणीवर वरिष्ठांनी ‘चर्चा करावी’ असे लिहून सहा महिने झाले आहेत, हे त्या यादीत नसते. शेजारच्या टेबलावरचा जुना कर्मचारी दहा मिनिटे बसून हे सांगतो किंवा सांगत नाही. टिपणीचा मसुदा वर जाण्यापूर्वी तो वाचून ‘शासन निर्णयाचा दिनांक चुकला आहे’ असे म्हणतो किंवा म्हणत नाही. नव्या माणसाला हे कार्यालय आपले वाटणार की परके, हे बरेचसे या दहा मिनिटांवर ठरते. नव्या मुलाला हे सांगणे सोपे जाते, कारण तो सोबत चहाला येतो, त्याच्या दुचाकीवर मागे बसून जाता येते. नव्या मुलीशी जास्त बोललो तर चार लोक काय म्हणतील, या संकोचाने अनेक सज्जन पुरुष तिच्याशी कामापुरतेही बोलत नाहीत. हेतू वाईट नसतो, तरी माहिती अडतेच.

‘मॅडम, तुम्ही राहू द्या, आम्ही बघतो’ असे म्हणणे ही साथच नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

अवकाळी पाऊस झाला आहे, गावोगाव पंचनामे करायचे आहेत. महिला ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे तलाठी) स्वतः जायला तयार आहे, पण मंडळ अधिकारी म्हणतात, ‘चिखलात कशाला, तुम्ही कार्यालयात याद्या तयार करा.’ बोलण्यात आपुलकी आहे, यात शंका नाही. त्या दिवशी तिला बरेही वाटेल. पण पुढच्या खरिपात हेच होते, वाळूच्या गाडीवर कारवाई करायची असली की हेच होते, अतिक्रमण काढतानाही हेच होते. पाच वर्षांनी तिच्या गोपनीय अहवालात क्षेत्रीय कामाबद्दल लिहिण्यासारखे काही नसते. गावातली माणसे तिच्याऐवजी शेजारच्या सजाच्या (तलाठ्याच्या कार्यक्षेत्राच्या) अधिकाऱ्याकडे जातात. तिलाही मनात कुठेतरी वाटू लागते की हे काम आपले नव्हेच. जी ओढ पहिल्या दिवशी होती ती अशी हळूहळू, प्रेमळपणे संपवली जाते.

दुसरीकडे, अंधार पडल्यावर नदीकाठी कारवाईला जायचे असेल तर कोणताही अधिकारी, पुरुष असो वा स्त्री, एकटा जाऊ नये. सोबत पोलीस पाटील, कोतवाल आणि वाहन हवेच. ही व्यवस्था करणे म्हणजे साथ. काम काढून घेण्याने कर्मचारी दुर्बळ होतो, आणि काम करता यावे म्हणून बरोबर उभे राहण्याने त्याचा जीव कामात गुंततो. सहकाऱ्याला मदत करण्यापूर्वी ‘तुम्हाला काय हवे आहे?’ एवढे विचारले तरी यांतला निम्मा गोंधळ टळेल.

निवडणुकीत महाराष्ट्राने याचे चांगले उदाहरण पाहिले आहे. ‘सखी मतदान केंद्र’ या नावाने जी केंद्रे पूर्णपणे महिला कर्मचाऱ्यांकडे सोपवली गेली, तेथे केंद्राध्यक्षापासून सगळी कामे महिलांनीच केली. मतदान यंत्र जोडण्यापासून लिफाफे मोहोरबंद करण्यापर्यंत ‘हे मॅडमना जमणार नाही’ म्हणून बाजूला काढता येईल असे काहीही तेथे उरत नाही. मुक्कामाची, स्वच्छतागृहाची आणि परतीच्या वाहनाची सोय नीट झाली की उरलेले काम प्रशिक्षणाने येते.

सहकाऱ्यांच्या साथीचा परिणाम स्त्रियांवर जास्त आणि पुरुषांवर कमी होतो का?

साथ मिळाली की दोघांचीही बांधिलकी वाढते, यावर अभ्यासकांचे फारसे दुमत नाही. कोणावर जास्त, याचे एकच उत्तर सर्व ठिकाणी लागू होत नाही, कारण त्या गटात स्त्रिया किती आहेत यावर बरेच अवलंबून असते. रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की एखाद्या गटात अल्पसंख्य असलेल्यांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत असले, तर त्या मोजक्या व्यक्तींकडे साऱ्यांचे डोळे लागतात आणि त्यांची प्रत्येक चूक ‘बायकांची चूक’ ठरते. राज्यात १९९४ च्या पहिल्या महिला धोरणापासून शासकीय नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. त्यामुळे अनेक कार्यालयांत हा उंबरठा केव्हाच ओलांडला गेला. पण आरक्षण संवर्गाला असते, टेबलाला नसते. तालुक्याच्या कार्यालयात एकूण दहा महिला असतील आणि त्या सगळ्या आवक-जावक, आस्थापना व संजय गांधी योजनेच्या टेबलांवर असतील, तर जमीन किंवा गौण खनिज शाखेत गेलेली अकरावी महिला एकटीच असते.

प्रसूती रजा, बालसंगोपन रजा यांमुळे काम आमच्यावर पडते. आमची तक्रार रास्त नाही का?

काम वाढते ही तक्रार रास्त आहे. तिचा रोख मात्र बहुतेक वेळा चुकीच्या व्यक्तीकडे असतो. राज्यात प्रसूती रजा १८० दिवसांची आहे आणि ती कधी सुरू होणार हे कार्यालयाला काही महिने आधी कळते. इतकी आधी कळणारी गैरहजेरी दुसरी कोणतीही नाही. २०१८ पासून बालसंगोपन रजाही मिळते; मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, संपूर्ण सेवेत १८० दिवस. पत्नी हयात नसलेल्या किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पत्नीच्या पतीलाही ती घेता येते, हे पुष्कळ पुरुष कर्मचाऱ्यांना ठाऊक नसते.

एवढा अवधी असूनही बहुतेक कार्यालयांत कार्यभार रजेच्या आदल्या दिवशी सायंकाळी एका ओळीच्या आदेशाने शेजारच्या टेबलाला जोडला जातो. ज्याच्यावर तो पडतो त्याची आधीचीच दोन टेबले तुंबलेली असतात. तो चिडतो, आणि कार्यालयप्रमुखावर चिडता येत नाही म्हणून रजेवर गेलेल्या बाईवर चिडतो. ती परतते तेव्हा कोणी धड बोलत नाही, तिच्या टेबलावर सहा महिन्यांचे टपाल तसेच पडलेले असते, आणि ‘मजा झाली तुमची’ हे पहिले वाक्य तिच्या कानावर येते. तान्ह्या मुलाला घरी ठेवून पहिल्या दिवशी कामावर आलेल्या आईला हे ऐकावे लागणे मला फार लाजिरवाणे वाटते.

येथे उपाय अवघड नाही. रजेपूर्वी महिनाभर आधी कार्यभार तीन-चार जणांत विषयवार वाटावा. प्रत्येक प्रलंबित नस्ती कोठे अडली आहे हे एका कागदावर लिहून घ्यावे. वाढीव काम घेणाऱ्यांना त्या काळात निवडणूक किंवा सर्वेक्षणाच्या जादा ड्यूटीतून शक्य तेवढे मोकळे ठेवावे, आणि त्यांच्या गोपनीय अहवालात या कामाची नोंद करावी. ज्याने भार उचलला त्याची दखल कार्यालयाने घेतली, तर तो रजेवरच्या सहकाऱ्याला दोष देत बसत नाही.

पोलीस दलात महिलांना आठ तासांची ड्यूटी दिली. त्यामुळे पुरुषांची साथ कमी झाली असे म्हणतात. हे खरे आहे का?

राज्यात २०२२ च्या आरंभी महिला पोलिसांची ड्यूटी बारा तासांऐवजी आठ तास करण्याचा आदेश निघाला. आदेश योग्यच होता. पण मनुष्यबळ तेवढेच ठेवून एका गटाचे तास कमी केले, तर उरलेले तास दुसऱ्या गटाच्या गळ्यात पडतात, हे साधे गणित आहे. नाइट करून आलेल्या हवालदाराला पुन्हा बंदोबस्तावर उभे केले, तर त्याचा राग शेजारच्या महिला शिपायावर निघणे चूक असले तरी अनपेक्षित नाही. सवलत एका गटाला आणि तिची किंमत दुसऱ्याला, अशी रचना सहकाऱ्यांमधील संबंध बिघडवते. आठ तास हे पोलिसाच्या कामाचे माणुसकीचे प्रमाण मानून सर्वांसाठी त्या दिशेने जाणे, हाच यातला टिकाऊ मार्ग आहे.

वारंवार बदल्या होतात. मग साथ जुळणार कशी?

बदल्यांच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. माणसे ओळखायला एक वर्ष जाते, विश्वास बसायला दुसरे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणाला स्थान मिळाल्याने अनेक शिक्षिकांची ओढाताण कमी झाली, आणि ज्याचे घर जागेवर आहे त्याचे मन शाळेत लागते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. बदली होऊन आलेल्या सहकाऱ्याला भाड्याची खोली, मुलाची शाळा, सकाळच्या एसटीची वेळ सांगणे हीदेखील साथच होय.

अंगणवाडी सेविका आणि आशा यांना हे सारे लागू होते का?

त्यांना मानधन मिळते, वेतन नाही. कागदोपत्री त्या कर्मचारीही नाहीत. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ पासून सुरू आहे आणि तिचा सगळा डोलारा सेविका व मदतनीस या दोघींवर उभा आहे. हिशेबाची बांधिलकी निर्माण होईल असे त्यांना फारसे काही मिळत नाही, तरी लसीकरणाच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून बाळांना गोळा करून आणतात त्या त्याच. त्यांना टिकवून धरते ते गावाशी असलेले नाते आणि एकमेकींचा आधार. एकीचे पोषण ट्रॅकर हे माहिती भरण्याचे मोबाइल ॲप चालत नसेल तर शेजारच्या गावची सेविका येऊन माहिती भरून देते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनिसांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क मान्य केला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविकांना मानधनवाढीसाठी पुन्हा संपावर जावे लागले. त्यांच्या मनाच्या ओढीवर शासनाने इतकी वर्षे काम भागवले, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

महिला अधिकारीच महिलांना अधिक त्रास देतात, असे ऐकतो.

एखादी तशी असते, जसा एखादा पुरुष अधिकारीही असतो. जिने वीस वर्षांपूर्वी कोणतीही सवलत न घेता, पुरुषांच्या मोजपट्टीला उतरूनच पद मिळवले, तिला नव्या मुलींच्या मागण्या कधी कधी लाड वाटतात. तिच्या स्वभावापेक्षा ज्या वातावरणात ती घडली त्याचा यात वाटा मोठा आहे.

एखाद्या सहकारी महिलेने लैंगिक छळाची तक्रार केली, तर बाकीच्यांनी काय करावे?

२०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष महिला असावी लागते, निम्म्या तरी सदस्य महिला असाव्या लागतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची असते. पुरेसे कारण असेल तर समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी चालू असताना तक्रारदार महिला लेखी विनंती करून स्वतःची किंवा समोरच्याची बदली मागू शकते, आणि तिला तीन महिन्यांपर्यंत रजाही मिळू शकते.

सहकाऱ्यांची कसोटी या कागदांच्या पलीकडे लागते. तक्रार झाली की दुसऱ्या दिवसापासून डबा खायला सोबत बसणाऱ्या मैत्रिणीही टेबल बदलतात. ‘आपण कशाला त्यात पडायचे’ असे म्हणत ज्यांनी प्रसंग पाहिला तेही समितीपुढे ‘मला आठवत नाही’ म्हणतात. तक्रार खरी की खोटी हे ठरवण्याचे काम समितीचे आहे. सहकाऱ्यांनी पूर्वीप्रमाणे बोलत राहावे, पाहिले असेल ते खरे सांगावे, आणि प्रकरणाची चर्चा बाहेर करू नये, कारण कायद्याने ती गोपनीय आहे.

पुरुषांना साथीची गरज नसते का?

असते, आणि ती कोणी विचारात घेत नाही. वडिलांच्या आजारपणात रजा मागणाऱ्या लिपिकाला ‘घरी बायको आहे ना?’ असे विचारले जाते. केंद्र शासनाच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मुलाच्या जन्मानंतर १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. ती पूर्ण घेणाऱ्याला सहकारी चिडवतात, हेही पाहिले आहे. घरचा भार पुरुषाने उचलायचे ठरवले आणि कार्यालयाने त्याची थट्टा केली, तर तो भार पुन्हा दुसऱ्या कार्यालयात काम करणाऱ्या त्याच्या पत्नीवरच जातो.

कार्यालयप्रमुख म्हणून मला सुरुवात करायची आहे. पहिले काय करू?

कार्यविवरण वाटपाचा आदेश समोर घ्या आणि कोणत्या टेबलावर गेल्या पाच वर्षांत कोण बसले याची नावे लिहा. काही टेबलांवर एकदाही महिला दिसली नाही आणि काहींवर एकदाही पुरुष दिसला नाही, तर पुढच्या वाटपात ते बदला, आणि नव्या व्यक्तीसोबत त्या विषयाचा जाणकार कर्मचारी तीन महिने जोडून द्या. आढावा बैठका दुपारी चारच्या आत संपवा. जे निर्णय चहावर होतात ते कार्यालयाच्या गटावर त्याच दिवशी लेखी टाका. हिरकणी कक्षात, म्हणजे मातांच्या स्तनपानासाठी राखलेल्या खोलीत, जुन्या नस्त्यांचे गठ्ठे ठेवले असतील तर ते आज अभिलेख कक्षात हलवा. यासाठी कोणत्याही वरिष्ठाच्या मंजुरीची गरज लागत नाही.